मांजरीच्या नजरेतले बापूजी

मी डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. जळगावचा उन्हाळा सोसणाऱ्या माणसाला आणखी कशाची भीती बाळगायची गरजही नाही. मला फक्त घराची पुढची खोली हवी होती. रस्त्यालगत, भरपूर उजेड, अक्षरांचा तक्ता लावायला समोर लांबवर भिंत. दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करून मी अगदी विटले होते.

ती खोली माझ्या सासऱ्यांची, ज्ञानचंद बापूजींची. डोक्यावर टोपी घालून ते दिवसभर तिथे आरामखुर्चीत बसायचे; दिवाळीत गेले. पण खोलीचा विषय काढला की सासूबाई म्हणायच्या, "कशी देऊ, रूपल? ते बसलेत ना तिथे."

पुरावा काय, तर सोनी मांजर. ती रिकाम्या आरामखुर्चीकडे टक लावून बसायची. मग तिची नजर सावकाश वर चढायची आणि खोलीतून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायची. "उठले," सासूबाई सांगायच्या. "चहा टाक." आमच्या मारवाडी घरात सासऱ्यांसमोर सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. म्हणजे आता सोनी बघेल तिकडे मी पदर ओढायचा! पोळ्या लाटताना, फोनवर बोलताना, एकदा तर तोंडात ब्रश असताना. माझा नवरा मनन पेपरमागे तोंड लपवून हसायचा. भित्रा कुठला.

"आई, मांजरीला नाकासमोरचं धड दिसत नाही," मी समजावलं. "पण लांबची बारीक हालचाल ती बरोबर टिपते. पाल असेल, नाहीतर चिलट."

"चिलट चहा पितं का?"

एका दुपारी मी ती पाल शोधायलाच बसले.

सोनी खिडकीत होती. मे महिन्याचं ऊन थेट तिच्या तोंडावर, त्यामुळे बुबुळांतल्या बाहुल्या दोऱ्याएवढ्या बारीक झालेल्या. इतक्या उजेडात तसंच व्हायला हवं. मी बघत होते.

त्या बाहुल्या पसरू लागल्या. पसरत पसरत गोल, काळ्याभोर झाल्या. तिच्या आणि उन्हाच्या मध्ये कुणी येऊन उभं राहावं तशा.

ऊन जागचं हललं नव्हतं. मध्ये कुणी नव्हतं.

घाबरल्यावरही बाहुल्या मोठ्या होतात, मला माहीत आहे. पण सोनी मजेत गुरगुरत होती. मग तिनं अगदी सावकाश डोळे मिटले, सावकाश उघडले. मांजर असं फक्त जिवाभावाच्या माणसाकडे बघून करतं. मला तिनं एवढा मान कधी दिला नव्हता.

माझे हात गार पडले. जळगावात, मे महिन्यात.

मी आपणहून पदर घेतला. भीती वाटत होती, पण खोलीही हवी होती. थेट बोलायची तर सोय नाही.

"सोनी," मी म्हणाले, "बापूजींना सांग, मला इथे माझं काम सुरू करायचंय. खोली मला द्या म्हणावं."

सोनीनं वर बघितलं. बराच वेळ.

मग तिची नजर खुर्चीवरून, भिंतीवरून सरकत दाराबाहेर गेली. बाहुल्या पुन्हा दोऱ्यासारख्या झाल्या.

"दिली त्यांनी," सासूबाई मागून म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या. मलाही रडू आलं. का, ते विचारू नका.

पुढच्या महिन्यात खोलीत तक्ता लागला. पहिल्या आल्या त्या डाळमिलमध्ये डाळ निवडणाऱ्या भिकुबाई. डाव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. उजवा डोळा झाकून त्या डोळ्यासमोर धरलेली माझी बोटंही त्यांना दिसली नाहीत. तरी रीत म्हणून मी त्यांना तसंच तक्त्याकडे बघायला सांगितलं.

"मावशी, समोर काही दिसतं?"

भिकुबाई मान पुढे काढून बघत राहिल्या.

"बठ्ठा अंधार शे ताई," त्या अहिराणीत म्हणाल्या. "पन त्या टोपीवाला बाबाले जरासं बाजूले सरकाले सांगा ना. मंग सांगस."