तंबोऱ्यावर कोण होतं?

“इरा, सगळ्यांची नावं घेतलीस... पण तंबोऱ्यावर कोण होतं, ते सांगायचं राहिलं का गं?”

गिरगावातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात अण्णांनी हातातली बासुंदीची वाटी तशीच खाली ठेवली. त्यांची धाकटी लेक इरावती नुकतीच युनिव्हर्सिटीच्या संगीत विभागात एम.ए.ची अखेरची मैफल गाऊन आली होती. परीक्षक खूश, मैत्रिणी खूश, गळ्यातला हार अजून तसाच! मैफल संपताना तिने रिवाजाप्रमाणे कानाची पाळी धरून गुरूंचं नाव घेतलं, तबलजींचं घेतलं, पेटीवाल्यांचं घेतलं, माइक लावणाऱ्यालासुद्धा ती विसरली नाही... आणि तिच्या पाठीमागे तंबोरा छेडत बसलेली तिची वहिनी, दुर्गा, आपल्या नावाची वाटच पाहत राहिली.

“काय अण्णा तुम्ही पण! वहिनीच तर होती,” इरा हसत म्हणाली. “तिचं काय वेगळं नाव घ्यायचं? घरचीच ती!”

आत पुऱ्या तळणाऱ्या दुर्गाचा हात थांबला. तंबोरेवाल्याचं नाव राहून जाणं गाण्याच्या दुनियेत काही नवीन नाही. मोठमोठ्या मैफलींत राहतं, तिथे तिची काय कथा! पण ‘घरचीच’ हा शब्द असा हसत हसत यावा आणि काळजाला लागावा... पुरी करपली. दुर्गाला स्वतःचाच राग आला. एवढं भरलेलं घर, एवढी गुणी पोर, आणि आपण एका नावासाठी रुसायचं?

पण रुसव्याच्या मुळाशी काय होतं, ते इराला ठाऊकच नव्हतं. सौमित्रशी लग्न होऊन दुर्गा या घरात आली, त्याच वर्षी तिने याच संगीत विभागात प्रवेशासाठी भीमपलास गायला होता आणि परीक्षकांनी तिला तिथल्या तिथे पसंत केलं होतं! त्याच महिन्यात सासूबाई अचानक गेल्या. दहा वर्षांची इरा जेवेना, बोलेना. फक्त दुर्गा तंबोरा छेडायला बसली की गुपचूप येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवायची. हिला सोडून आता कुठे जायचं? आपलं गाणं पुढच्या वर्षी, दुर्गाने मनाशी ठरवलं. मग पुढच्या वर्षी इराचाच गळा उमलला.

प्रत्येक गळ्याची आपली पट्टी असते, म्हणजे त्याला मानवणारा मूळ सूर. इराची पट्टी उंच, पेटीवरची काळी चार. दुर्गाचा आवाज घनगंभीर, काळी तीनमध्ये रमणारा. घरात तंबोरा एकच. दुर्गाने एका सकाळी त्याच्या खुंट्या पिळून तो इराच्या पट्टीत चढवला, आणि त्यानंतर तो कधी खाली उतरलाच नाही. “पोरीला यातलं काही सांगायचं नाही हं, तिला ओझं होईल,” असं तिने सौमित्रकडून आणि अण्णांकडून कबूल करून घेतलं. दोघांनी शब्द पाळला. दोघी रियाजाला बसल्या की सकाळचं दूध, चहा, दारावरची घंटा सगळं अण्णांनी सांभाळलं, आणि त्याबद्दल दुर्गा रोज मनोमन त्यांच्या पाया पडायची.

दुसऱ्या दिवशी इरा विभागातल्या गंगाधर सरांना पेढे द्यायला गेली आणि दुपारी बॉक्स तसाच घेऊन परत आली. दुर्गा मेथी निवडत बसली होती. इरा तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

“वहिनी... काल शेवटी माझा लांबवलेला सा तुटत होता. मागून तू धरलास ना?”

“अगं, तंबोऱ्यावर बसणाऱ्याचं कामच असतं ते.”

“सरांनी तो सा ओळखला!” इराने पेढ्यांचा बॉक्स बाजूला सारला. “मला म्हणाले, ‘मागे कोण बसलं होतं? हा आवाज मी ऐकलाय. मी नवा होतो तेव्हा एक दुर्गा नावाची मुलगी भीमपलास गाऊन गेली आणि परत आलीच नाही. आम्ही तिची जागा बरेच दिवस अडवून ठेवली होती.’ ...आणि मी, मी तर सगळ्यांना सांगत फिरले की वहिनीला गाण्यातलं थोडंफार कळतं! का नाही सांगितलंस मला? का?”

“सांगितलं असतं तर तू इतकी मोकळी गायली असतीस का, राणी?”

“पण तुझं गाणं माझ्यापायी गेलं!”

“वेडी आहेस का!” दुर्गाने तिचं तोंड आपल्या दोन्ही हातांत धरलं. हाताला मेथीची माती होती, ती इराच्या गालाला लागली. “नवी नवरी होते मी, या घरात कुणाला ओळखत नव्हते. तू माझ्या मांडीवर डोकं ठेवलंस ना, त्या दिवशी मी या घरची झाले. तू काय दिलंस मला, हे तुला कधी कळायचंच नाही...”

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून मनसोक्त रडल्या. रडून झाल्यावर इरा नाक पुसत म्हणाली, “तुझे उपकार मी फेडणार नाहीये, सांगून ठेवते. पण पुढच्या महिन्यात विभागात प्रवेशाची चाचणी आहे. तू गायचंस.”

“आता? या वयात? काहीतरीच तुझं!”

“सूनबाई,” दारातून अण्णा म्हणाले. त्यांचेही डोळे वाहत होते. “सकाळचा चहा मला अजून करता येतो बरं का.”

रियाज सुरू झाला, पण दुर्गाचा हट्ट सुटेना. तंबोरा इराचा, त्याच्या खुंट्यांना हात लावायचा नाही! महिनाभर ती काळी चारमध्येच गायली. वर जाताना आवाज ताणला जायचा, चिरकायचा. अशी गायली तर या खेपेला दार बंदच होणार, हे तिलाही कळत होतं. इरा मात्र एका शब्दाने वाद घालत नव्हती, आणि तिच्या स्वभावाला हे अजिबात धरून नव्हतं.

चाचणीच्या दिवशी दोघी टॅक्सीत तंबोरा आडवा घेऊन विभागात पोहोचल्या. परीक्षकांमध्ये मधोमध गंगाधर सर होते, केस आता पांढरे झालेले. दुर्गा नमस्कार करून सतरंजीवर बसली. मागे इराने तंबोरा मांडीवर घेतला आणि खुंटी सैल केली.

“अगं, काय करतेस? उतरला तो!”

“उतरू दे.”

“इरा, ही तुझी पट्टी नाही...”

“तुझी आहे ना?” इराने मान वर केली नाही. एकेक तार ती सावकाश खाली आणत होती, मणी सरकवून सूर बारीक जुळवत होती, आणि तिच्या आसवांचे थेंब भोपळ्यावर पडत होते. दुर्गा कासावीस होऊन परीक्षकांकडे पाहू लागली. त्यांचा वेळ जात होता!

“जुळवू द्या तिला,” गंगाधर सर म्हणाले. “इतकी वर्षं थांबलो, आता कसली घाई?”

चारही तारा जुळल्या. काळी तीनचा भारदस्त झंकार खोलीभर पसरला आणि दुर्गाच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपल्याच माहेरच्या अंगणात कुणीतरी हाक मारावी तसं झालं तिला. केवढं दिलं या घराने आपल्याला! सासरा दिला, नवरा दिला, आणि पाठीशी बसायला ही पोर दिली... कृतज्ञतेने तिचा ऊर भरून आला.

“भीमपलास ना?” सरांनी विचारलं.

“हो. पण त्याआधी एक सांगायचंय.” चाचणीत असं कुणी काही सांगत नाही, हे तिला माहीत होतं. तरी तिने कानाची पाळी धरून गुरूंचं नाव घेतलं, आणि मग मागे वळून पाहिलं.

“तंबोऱ्यावर इरावती आहे,” दुर्गा म्हणाली. “माझ्या घरचीच.”

इराची बोटं क्षणभर तारांवर अडखळली आणि पुन्हा चालू लागली. दुर्गाने डोळे मिटले आणि आपला सा लावला.