काचबंगल्याचा हौद

परतूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरी, हौद उपसून द्यायचं कामही मी घेतो. गेल्या एप्रिलमध्ये पुण्याहून वंदनाताईंचा फोन आला. आई वारली, बंगला विकायचाय, त्याआधी स्विमिंग पूल रिकामा करून द्या, म्हणाल्या. ठरल्या दिवशी मी टेम्पोत पाण्याची मोटार टाकली आणि दुपारी दोनला पोचलो; ताई सकाळीच पुण्याहून आल्या होत्या.

वाटूरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला तो बंगला. त्यांच्या वडिलांनी साठ साली बांधलेला. सपाट छत, आणि दिवाणखान्याची डोंगराकडची अख्खी भिंत काचेची. आत मोझॅकची गुळगुळीत फरशी, तिरप्या पायांच्या लाकडी खुर्च्या, पिवळे पडदे. सगळं काल आणून ठेवल्यासारखं. काचेच्या समोरच पूल. आसपासच्या विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि हा मात्र काठोकाठ. हिरवं, जड पाणी. वारा होता, तरी त्यावर तरंग नव्हता.

राखणदार धर्मराजकाका माझ्या पाइपावर पाय देऊन उभे राहिले.

"हौद उपसू नको, अंगद. माईंनी बजावून ठेवल्तं. आजवर एकदा बी रिकामा केला न्हाई."

"का बरं?"

"पाणी हितंच राह्यलं पायजे... एवढंच म्हणायच्या."

"काका, आईला शेवटी शेवटी भास व्हायचे," वंदनाताई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. "उद्या लोक बघायला येतायत. अंगद, तुम्ही सुरू करा."

काका बाजूला झाले. मी बटण दाबलं. ताई आईचं सामान आवरायला आत गेल्या.

दोन-तीन तासांत पाणी कमरेएवढं खाली गेलं. शेवाळाचा कुबट वास सुटला. मी सहज काचेकडे बघितलं. आत पडद्याची खालची कड हळूच वर उचलली गेली होती. दारं बंद, पंखा बंद. मग फरशीवरचं वर्तमानपत्र उठलं आणि खुर्चीच्या उंचीला येऊन, अधांतरी, सावकाश गोल फिरायला लागलं.

"काका... ते बघा."

काकांनी काचेकडं बघत हात जोडले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून ताई आल्या. नदीतून चालावं तसं एकेक पाऊल ओढत होत्या. पदर मागं पसरला होता. केस डोक्याच्या वर उठून हलत होते. त्यांनी दोन्ही तळवे काचेला लावले, तोंड उघडलं. आवाज आला नाही. तोंडातून बुडबुड्यांची माळ निघाली आणि छताकडं गेली.

आत पाणी नव्हतं. देवाशपथ सांगतो, आत पाण्याचा थेंब नव्हता.

मी मोटार बंद केली. काही फरक पडला नाही. काका दाराच्या कडीला लोंबकळले, दार हलेना. ताईंचे डोळे पांढरे व्हायला लागले.

"फोड! काच फोड!" काका ओरडले.

मी मोठा पाना दोन्ही हातांनी काचेवर घातला. तिसऱ्या घावाला काच फुटली. बाहेर पाणी आलं नाही, फक्त विहिरीच्या तळासारखा गार वारा अंगावर आला. आत वर्तमानपत्र धप्पकन खाली पडलं, पडदे लोंबले, आणि ताई कोसळल्या. मी त्यांना ओढून बाहेर घेतलं. साडी कोरडी होती. पालथं घातल्यावर मात्र त्यांच्या तोंडातून हिरवं पाणी आलं. बादलीभर तरी असेल.

परतूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दिवस मावळला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि आमच्याकडं संशयानं बघितलं. "कुठल्या तळ्यात पडल्या या?"

बऱ्याच वेळानं ताईंनी डोळे उघडले. मी जवळ गेलो.

"अंगद," त्या कुजबुजल्या, "बाकीच्यांना काढलं का?"

"बाकीचे कोण, ताई? आत तुम्ही एकट्याच होता."

धर्मराजकाका खाटेपाशी सरकले, खाली वाकले आणि एकदम हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"माई पाण्यातली माणसं मोजायच्या. किती झालेत आता, ताई?"