कड्याला धरलेला हात

दार तासायचं होतं, काम एवढंच. आखातातल्या रुसैलच्या सुतारी कारखान्यात मुनीर फोरमन. आजवर किती दारं हाताखालून गेली ते त्यालाही ठाऊक नसेल. हे मात्र युरोपातून आलेलं, कुठल्याशा जुन्यापुराण्या चर्चचं. काळंकुट्ट, माणसाच्या दीडपट उंच, मधोमध लोखंडी कडं. अर्बाबला, म्हणजे कारखान्याच्या मालकाला, ते आपल्या सहम गावातल्या बंगल्याला लावायचं होतं. हौस म्हणतात ती अशी.

बंगल्याची सजावट पुण्याच्या मधुवंतीबाईंकडे. त्यांनी बजावून सांगितलं, "मुनीरभाई, कडं काढू नका हं. खरी किंमत त्याचीच आहे. तिकडे तेव्हा दोन सत्ता होत्या. बाहेर राजा, आत बिशप. पळून आलेल्यानं हे कडं धरलं की राजाच्या शिपायांनासुद्धा त्याला हात लावायची सोय नव्हती."

"आणि लावला तर?"

"लावला होता म्हणे एका कोतवालानं. जुनं वैर होतं. तो माणूस कडं सोडेना, तर हातच मनगटापासून तोडून माणूस नेला, हात कड्यालाच राहिला. मग बिशपनं भर चर्चमध्ये मेणबत्त्या जमिनीवर आपटून विझवल्या आणि कोतवालाला वाळीत टाकलं. ह्याच्यासाठी कुठलंच दार उघडायचं नाही, म्हणाला. कोतवाल राजाकडे धावला. राजानं सांगितलं, ह्यात माझं काही चालत नाही."

चहाच्या वेळी मुनीरनं हा किस्सा कामगारांना तिखटमीठ लावून सांगितला. ऐकणाऱ्यांत उजैरही होता.

आता हा उजैर कोण, तर मुनीरच्याच गावचा, रत्नागिरीकडचा पोरगा. आपल्या लेकीसाठी, उमामासाठी, मुनीरनं त्याला पसंत केला, व्हिसा काढून इथे आणला. मेंदीच्या आदल्या दिवशी पोरानं सरळ सांगितलं, हे लग्न मला करायचं नाही. मुनीरची मान गावात खाली गेली. त्या दिवसापासून तो डूख धरून होता. अर्बाबचे कान त्यानंच भरले. उजैरची आई गावी अंथरुणाला खिळली तरी पोराला रजा मिळाली नाही, आणि शेवटी, त्या किश्श्यानंतर थोड्याच दिवसांत, तो कामावरून पळाला. तो पळाला हे ऐकून मुनीरला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

उन्हाळ्यातली दुपारची सुट्टी. बसगाड्या कामगारांना घेऊन गेलेल्या, यंत्रं बंद, पत्रा उन्हानं तडतडत होता. मुनीर एकटाच त्या दारावर रंधा मारत होता. पावलं वाजली नाहीत, पण मान वर केली तर समोर उजैर. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले.

"चाचा, दोन दिवस लपू द्या. वकिलातीतून घरी जायचा कागद मिळतोय. अम्मी... फार दिवस नाय काढणार ती."

"बस," मुनीर म्हणाला. "पाणी आणतो."

आणि बाहेर जाऊन त्यानं अर्बाबला फोन लावला.

अर्बाबची दोन माणसं आली तेव्हा उजैरनं उजव्या हातानं कडं घट्ट धरलं होतं. "तुमीच सांगितलं होतं चाचा... हे धरलं की कुणी हात लावायचा नाय..."

"खलास कर ही नाटकं," मुनीर म्हणाला. "सोड."

"अम्मीला बघू द्या फक्त. मग काय ते करा."

दोघं त्याला कमरेला धरून ओढू लागले. मुनीर बोटं सोडवायला पुढे झाला. पोराच्या तोंडाकडे बघायचं नाही म्हणून त्यानं डोळे मिटून घेतले. एकेक बोट उलगडत होता. घामेजलेली, गरम बोटं. मग गार बोटं. कुठूनसा विझलेल्या वातीचा वास आला. तेवढ्यात बाहेर गाडी सुरू झाली आणि उजैरची हाक गाडीतून आली.

मुनीर अजून बोटं सोडवतच होता.

त्यानं डोळे उघडले. कड्याला कुणी नव्हतं. कडं हळूहळू हलत होतं.

तो तडक घरी निघाला. गाडीचं दार उघडेना; काच खाली होती म्हणून खिडकीतून शिरला, ह्या वयात ही सर्कस. वाटेत पाण्यासाठी पेट्रोल पंपाच्या दुकानापाशी थांबला. माणूस दिसला की आपोआप सरकणारं काचेचं दार त्याच्यासमोर ढिम्म. काचेवर थापा मारल्या, आतल्या माणसानं वर पाहिलंसुद्धा नाही.

वादी अदाईत पोचला तेव्हा असरची, तिसऱ्या प्रहरची अजान चालू होती. धावत जिना चढला, किल्ली फिरवली. कुलूप उघडलं, दार नाही.

"आलात?" आतून त्याची बायको गुलबानू रडवेल्या आवाजात म्हणाली. "उमामा पडलीय... बोलत नाय. लवकर आत या."

मुनीरनं खांदा लावला. मग अर्बाबला फोन केला. "ह्यात मी काय करणार?" म्हणून अर्बाबनं ठेवून दिला.

"अवो, मी आतनं ओढतेय," गुलबानू म्हणाली. "बाहेरनं कशाला धरून ठेवलंत? सोडा की."

"मी नाय धरलं..."

"मग कडं कोण वाजवतंय?"

त्यांच्या दाराला साधी मूठ होती. कडं कधीच नव्हतं. पण आता मुनीरलाही ते ऐकू आलं, लाकडावर लोखंड, सावकाश.

"पोरीला बघू दे," तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही कळलं नाही. "फक्त बघू दे... मग काय ते कर."

जिन्यात विझलेल्या वातीचा वास दाटला. त्याच्या उजव्या मनगटावर एकेक करून गार बोटं बसू लागली. अंगठा सर्वांत शेवटी बसला.