नाण्यांची छक्की

"चोरीला गेलंय काय नेमकं?" भगवंतरावांनी विचारलं.

"पत्ते," गार्गी म्हणाली. "आईचे भविष्य पाहायचे टॅरोचे पत्ते."

उकंडरावांनी चहाची बशी खाली ठेवली. एसटीतली कंडक्टरी संपल्यापासून त्यांचा मुक्काम बुलढाण्याच्या कोर्टामागच्या या खोलीतच असे. भगवंतराव खासगी तपास करत. उकंडराव त्यांना सोबत करत.

"नवा कॅट घेऊन टाक ना, बाई," ते म्हणाले.

"आई गेली त्या दिवशी तिने त्यातले तीन पत्ते मांडले होते. दुपारी खुर्चीतच गेली. मी पुण्याहून पोचेपर्यंत टेबल पुसलेलं होतं. माझा आतेभाऊ सौमित्र म्हणतो, तिने माझ्यासाठी पत्ता काढला आणि रडली. ते खरं आहे का, एवढंच मला हवंय."

"तुम्हाला वाचता येतात हे पत्ते?"

"शिकत होते. रोज संध्याकाळी फोनवर, व्हिडिओ लावून. आईच्या कॅटात राजाराणीची चित्रं होती, पण आकड्यांच्या पत्त्यांवर नुसती मोजणी. सात पेले म्हणजे सात पेले. माणूस नाही, गोष्ट नाही. ती म्हणायची, आधी मोज. अर्थ मागून येतो. पत्ता उलटा पडला तर अर्थही उलटतो."

"आन् उलटा पत्ता कसा वळखायचा?" उकंडरावांनी विचारलं.

"नाण्यांचे पत्ते वरून-खालून सारखेच दिसतात. म्हणून आईने तळाशी निळ्या पेनाचा ठिपका दिला होता. तिळाहून बारीक. हातात घेऊन, चष्मा लावला तरच दिसायचा."

गार्गीच्या आईच्या घरी सौमित्र आधीच येऊन बसला होता. मामीकडे रोज दुपारी डोकावायचं त्याने कबूल केलेलं होतं.

"मी तासभर होतो मामीजवळ," तो म्हणाला. "तिनं तलवारींची तिर्री काढली. लाल हृदय, त्यात आरपार तीन तलवारी, मागं पाऊस. 'गार्गी काही येत नाही' म्हणून रडली. मले पाहवलं नाही. पत्ते गोळा करून ठेवून दिले आन् निघालो. पुढं कोणी नेले, माहीत नाही."

गार्गी ओढणीची कड बोटाला गुंडाळत राहिली.

मागच्या खोलीतली भाडेकरू सुचिता दारातच उभी होती. देऊळघाटची, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आलेली. आई तिलाही शिकवायची.

"त्या दुपारी आत आली होतीस?" भगवंतरावांनी विचारलं.

"नाही. दारातूनच पाह्यलं. काकू डोळे मिटून होत्या, मले वाटलं झोपल्या. टेबलावर तीन पत्ते होते. मधात नाण्यांची छक्की, उलटी, तळ वर करून मांडेल. मंग मी परत गेले."

"सौमित्र होते?"

"मले नाही दिसले."

भगवंतराव उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले. "उकंडराव, इकडे या. टेबलावरचं कॅलेंडर वाचा."

"तारीख दिसते. तिथी नाही दिसत." उकंडराव वैतागले. "तुम्ही डोळ्याचा दवाखाना उघडला काय?"

भगवंतराव हसले नाहीत. ते टेबलापाशी येऊन बसले.

"सौमित्र, हृदय आणि पाऊस असलेला पत्ता बाजारात मिळणाऱ्या चित्रांच्या कॅटात असतो. मोबाइलवरही सापडतो. या घरच्या तिर्रीवर तीन तलवारी होत्या, बस. तुम्ही त्या दुपारी इथे आलाच नाहीत."

गार्गीने मान वर केली. "मला हे कसं सुचलं नाही?"

"तुम्ही आरोप ऐकलात. पत्ता ऐकलाच नाहीत."

सौमित्र जमिनीकडे पाहत होता. "कॉलेजात मीटिंग लांबली. गार्गी, तू फोनवर विचारलं, शेवटी कोण होतं जवळ. 'मी होतो' म्हणून बसलो. मंग पुढचं सांगणं आलं."

"गार्गी येत नाही, हे?" भगवंतरावांनी विचारलं.

"ते माझंच म्हणणं होतं," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे पत्ते यानं नाही नेले?" उकंडरावांनी विचारलं.

"नाही." भगवंतराव दाराकडे वळले. "सुचिता, सहा नाण्यांचा पत्ता वरून-खालून एकच. तळ कुठला, ते फक्त ठिपका सांगतो. उंबऱ्यावरून तिथी दिसत नाही, तिथे तीळ काय दिसणार? डोळे मिटलेल्या बाईंनी तुला सांगितलं नाही. पत्ता तुझ्या हातात आला होता."

सुचिता मागे गेली. आली तेव्हा तिच्या हातात रुमालात बांधलेला कॅट होता.

"सकाळी मी इथंच होते. काकूंनी माझ्यासमोर मांडले. दुपारी खरंच दारातून पाहून गेले. रात्री सौमित्रभाऊ म्हणे, सामान वाटून टाकू. मले वाटलं, हेही जाईन. म्हणून उचलून नेले. मंग मी कोणाजवळ बसू?"

गार्गीने कॅट तिच्याकडून घेतला.

"आईने काय विचारलं होतं पत्त्यांना?" गार्गीने विचारलं.

"काहीच नाही. तो तुमचा संध्याकाळचा धडा होता. छक्की मुद्दाम उलटी ठेवली त्यायनं. हसत होत्या. म्हणे, फोनजवळ धरून दाखवीन, पाहू गार्गीले ठिपका दिसते का. वरचे तीन तसेच आहेत. मी फिरवले नाही."

गार्गीने रुमाल सोडला. त्या संध्याकाळी फोन वाजत राहिला होता, कुणी उचलला नव्हता. आईचा चष्मा अजून कॅलेंडरखालीच होता. तो तिने डोळ्यांना लावला. सहा पिवळी नाणी आधी विरघळल्यासारखी झाली, मग पत्ता जवळ आणल्यावर स्थिर झाली. ठिपका वरच्या कडेला होता.

"उलटी आहे, आई," ती म्हणाली.

समोरची खुर्ची रिकामीच होती. बऱ्याच वेळाने गार्गीने ती मागे सरकवली आणि दाराकडे पाहिलं.

"ये, सुचिता. बाजूचे दोन कोणते? आधी मोज."