मेहकरच्या मंडपातलं बोंड

हे घडलं तेव्हा मंडपात दोनेकशे माणसं होती. म्हणून याला कोणी थाप म्हणू नये.

गेल्या वर्षीचा जानेवारी. शुक्रवार, दुपारचे तीन. मेहकरला कृषी प्रदर्शन होतं.

शेखर प्रदर्शनांचे स्टॉल सजवायचा. त्या वेळी त्याने एका बियाणे कंपनीसाठी कापसाचं दहा फुटी बोंड केलं होतं. मोटर लावली की पाकळ्या उघडायच्या, आतून पांढरा उजेड सांडायचा. माणूस थबकायचाच.

डिझाइन मात्र त्याचं नव्हतं.

ते राखीचं. त्याच्याकडे थर्माकोल कापायची. कल्पना तिची, हात तिचा. आदल्या वर्षी असंच बोंड करताना त्याच्या शेडमध्ये आग लागली आणि धुरात कोंडून ती गेली.

"आतून कडी लावली होती तिनं," शेखरने सगळ्यांना सांगितलं.

खोटं होतं ते. दुसऱ्या कोणी डिझाइन पाहू नये म्हणून त्यानेच बाहेरून कुलूप घातलं होतं आणि जेवायला घरी गेला होता. धूर पाहून तो परत धावला आणि लोक यायच्या आत त्यानेच ते काढलं.

तर, उद्घाटनाला दहा मिनिटं उरली होती. वायरमन दीपकने बटण दाबलं. मोटर घरघरली...

बोंड उघडेना.

मग आतून खोकला ऐकू आला.

"शेखरभाऊ, आत कोनी बसलं हाये काय?"

"काही बोलून राह्यला बे! कोन बसन आत?"

पुन्हा खोकला... बाईचा.

पाकळ्या हातभर सरकल्या. शेखरने वाकून पाहिलं. आत कोणी नव्हतं. पण पांढऱ्या अस्तरावर काजळीचे पंजे उमटले होते. वरपासून खालपर्यंत. ओरबाडल्यासारखे.

पाहुणे फाटकात आले होते. शेखर फडकं घेऊन आत शिरला.

पाकळ्या मिटल्या.

थर्माकोल आणि कापड, एवढंच तर होतं ते! लाथ घातली तरी फाटावं. बाहेरून चौघं ओढत होते. फाटेना.

आत काळोख. जळक्या थर्माकोलचा वास. श्वास घेता येईना...

कानाशी कोणीतरी म्हणालं, "सांग न भाऊ. कुलूप कोनं लावलं?"

"मले माहीत नाही!"

वास वाढला. 

"कोनं लावलं?"

"म्या! म्याच लावलं राखी! बाहेरून लावलं!"

सगळ्या मंडपाने ते ऐकलं.

पाकळ्या अलगद उघडल्या. शेखर गुडघ्यांवर होता, काळं थुंकत. अस्तर पांढरंशुभ्र होतं. कुठे काही जळलं नव्हतं. डॉक्टर मात्र म्हणाले, छातीत धूर गेलाय.

पुढे पोलिसांत त्याने सगळं कबूल केलं. जामीन मिळाल्यावर तो राखीच्या आईकडे गेला. सिंधूताईंकडे. दारातच पाया पडला.

"काकू, राखीले म्हना, आता तरी सोड मले. रोज येते. श्वास घेऊ देत नाही."

सिंधूताई गहू निवडत होत्या. मान वर केली नाही.

"राखी सोडत होती तुले," त्या म्हणाल्या. "तू कबूल झाला त्याच दिवशी म्हने, आई, झालं माह्यं. म्याच म्हटलं, थांब. माह्यं नाही झालं."

सूप उचलून त्या घरात गेल्या. दार लोटलं गेलं.

 शेखर ओट्यावरच बसून राहिला.

आत दोन बायकांचं हळू बोलणं सुरू झालं...

राखी गेल्यापासून सिंधूताई त्या घरात एकट्याच राहतात.