आत्याचं 'कारण'

कमी ऐकू येणाऱ्यांची कानातली यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्यात भुताखेतांचं काही काम नसतं, असं मी समजत होतो. तुम्ही हसाल, पण भरदुपारी आत्या दुकानात आली आणि तिने कानातलं यंत्र काढून माझ्या टेबलावर आपटलं.

"यात कोणीतरी बोलतं रे. पुरुषाचा आवाज आहे. 'कारण... कारण...' म्हणतो आणि पुढे नुसती गुडगुड."

उघडलं तर आत पाणी आणि चिमूटभर वाळू.

"आत्या, हे घालून आंघोळ करतेस का?" मी तिच्या कानाशी ओरडलो.

"आवाज त्याचाच आहे," ती म्हणाली.

त्याचा म्हणजे तिच्या नवऱ्या मुलाचा. लग्नाच्या आदल्या दिवशी तो नावेने नदीपलीकडे निघाला तो निघालाच. नाव सापडली, तो सापडला नाही. बुडाला, असं माझे वडील म्हणायचे. पळाला, असं आई म्हणायची, कारण नणंदेचा स्वभाव तिने जवळून बघितला होता. आत्याने चाळीस वर्षं आलेली सगळी स्थळं परत पाठवली.

"बुडाला असेल तर रडेन, पळाला असेल तर शिव्या देईन. पण काय करू ते तरी कळू दे मेलं!"

मी यंत्र वाळवलं. दुरुस्तीनंतर ते स्वतःच्या कानाला लावून बघायचं, ही आमची रीत. लावलं. आधी गुडगुड. मग अगदी मानेमागून आल्यासारखा, गार आवाज...

"कारण मला तू आवडतच नव्हतीस... पलीकडे उतरलो, लग्न केलं, मजेत राहिलो..."

मी यंत्र झटकन कानातून काढलं.

"काही नाही गं, नुसती खरखर!" मी ओरडलो.

"यंत्र दुरुस्तीला दिलंय, तुझी अक्कल विचारलेली नाही." तिने ते हिसकावून कानात घातलं.

ऐकता ऐकता तिचा चेहरा पडला. मग ती यंत्रालाच म्हणाली, "मजेत? त्या नाकासकट?" आणि तिचे डोळे भरून आले.

"दुखलं रे फार. पण बरं झालं. चाळीस वर्षं दार नुसतं लोटून झोपले. आज कडी लावते."

यंत्र तिथेच ठेवून ती गेली. ऐकायचं ते ऐकून झालं, म्हणाली.

मी सवयीने बॅटरी काढून डबीत टाकली. तेवढ्यात टेबलावरून आवाज आला.

"गेली का ती...? सांगू नकोस हं. मी अजून नदीतच आहे... पण ती दार उघडं टाकून झोपते रे. काळजी वाटते."

मी धावत रस्त्यावर आलो. "आत्या! अगं आत्या!" घसा बसेपर्यंत ओरडलो. पण तिचा कान माझ्या टेबलावर होता, ती कोपऱ्यावरून वळून गेली.

हल्ली ती गाढ झोपते. रोज दुपारी चार वाजता टेबलावरून तो विचारतो, "सांगितलं नाहीस ना?" मी नाही म्हणतो आणि टेबलावरचं पाणी पुसतो.

काल आत्या सहज म्हणाली, "कडी घट्ट बसते हो. फक्त रोज सकाळी आतून ओली असते."