शालनची रुंदी

बार्शीच्या मार्केट यार्डाशेजारच्या खानावळीत दुपारची गर्दी ओसरली होती. पोपटराव बारंगुळे यांनी टेबलं पुसली, बाकडी भिंतीला लावली आणि चुलीपुढची जागा मोकळी केली. सहवास केंद्राच्या रुबिना मुलाणीने पिशवीतून साबणाच्या वडीएवढी डबी काढली, फरशीवर ठेवली आणि तिची कळ दाबली.

चुलीपुढे शालन उभी राहिली.

शालनला जाऊन वर्ष उलटलं होतं. वर्ष झालं की गेलेल्या माणसाची छाया आणायची, ही पद्धत गेल्या आठ-दहा वर्षांत गावोगाव पडली होती. घरातल्या जुन्या चित्रफिती आणि फोटो सहवासकडे द्यायचे. यंत्र फितीतून एकेक स्थिर चित्र वेगळं काढी, मागचं सगळं दृश्य टाकून देऊन फक्त माणूस ठेवी आणि त्यापासून प्रकाशाची पुऱ्या उंचीची आकृती बनवी. ती वळे, चाले, स्वतःच्या आवाजात बोले. शालन सवाष्ण गेली होती. म्हणून पितृपक्षातल्या अविधवा नवमीला छाया घरात घ्यायची आणि तिच्यासमोर सवाष्ण जेवू घालायची, असं मुलीने, तेजूने, पुण्याहून ठरवलं होतं. तिनेच फिती पाठवल्या होत्या आणि नमुना पाहून पसंतीही कळवली होती.

"आण्णा, बघितलं का? कसली छान दिसतीय आई!" फोनच्या पडद्यावरून तेजू म्हणाली.

पोपटरावांनी छायेभोवती एक चक्कर मारली.

"ही कोण?"

"आण्णा, काहीतरीच काय!"

"खरंच विचारतोय. नाक शालनचं हाय. साडीबी तिचीच. पण बाई कुणाची आणलीस रुबिना?"

रुबिना हसली. "मामा, पहिल्यांदा सगळ्यांना तसंच वाटतं. वर्षभर पाहिलं नाही ना तुम्ही."

"वर्षभर नाही पाहिलं. त्याच्याआधी जन्मभर पाहिलंय."

शालन रुंद खांद्यांची, भरल्या अंगाची बाई होती. ती भाकरी थापायला बसली की मागच्या गिऱ्हाइकाला चूल दिसत नसे. शेवटच्या पाच महिन्यांत पोटाच्या आजाराने तिला आतून खाल्लं. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. शेवटी शेवटी पोपटराव तिला उचलून न्हाणीत नेत, तेव्हा हातांना वजन लागत नसे. समोरच्या छायेचे गाल, दंड, कंबर, सगळं त्या पाच महिन्यांतलं होतं.

"ही दवाखान्यातली हाय," ते म्हणाले. "हिला एकदा पोचवून आलोय मी. परत आणू नका."

रुबिनाने डबी बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोपटराव केंद्रात जाऊन बसले. "मागचं काहीही न टाकलेलं चित्र दाखव," म्हणाले. "यंत्रानं कापायच्या आधीचं."

रुबिनाने पडद्यावर चित्र आणलं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी यार्डात बायकांची भाकरीची स्पर्धा झाली होती. तिचं शूटिंग रुबिनाच्या अब्बांनी, रशीद मुलाणींनी केलं होतं. शालनचं उठतं-बसतं, चालतं-बोलतं असं चित्रण तेवढंच होतं. पुढे सगळ्यांच्या हातात कॅमेऱ्याचे फोन आले, पण फोटो निघायला लागला की ती तोंडापुढे ताट धरी, नाहीतर कुणाच्या तरी मागे जाऊन उभी राही. आजारात मात्र तिला तेवढीही ताकद नव्हती. तेजूने त्या दिवसांत आईचे पुष्कळ फोटो काढले होते.

पोपटराव बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"ही भाकरी शालनची न्हाई."

"मामा, तव्यावर आहे. त्यांच्याच हातची आहे."

"शालनची भाकरी अशी अंड्यासारखी उभट कधी झाली नाही. त्या दिवशी पहिला नंबर आलाय तिचा. असल्या भाकरीला कोण देईल?"

रुबिना पुन्हा हसली आणि हसता हसता थांबली. तिने बोट तव्यावर ठेवलं. तवाही उभट होता. मागे उभ्या असलेल्या मोटारसायकलचं चाक उभट होतं. मंडपाला टांगलेलं घड्याळ लिंबासारखं लांबट दिसत होतं.

"या अल्ला," ती म्हणाली. "अब्बांचा टेपचा कॅमेरा!"

"काय झालं?"

"सांगते. तेव्हा टेपवर चित्राला जागा जुन्या टीव्हीच्या मापाची असायची, अरुंद. आणि लोकांना तर लांब-रुंद चित्र हवं झालं होतं. म्हणून कॅमेरा रुंद चित्र दोन्ही बाजूंनी दाबून त्याच जागेत बसवायचा आणि सोबत एक खूण ठेवायचा, की दाखवताना एवढं ताणा. अब्बा तिला ताणखूण म्हणायचे. टीव्ही ती खूण वाचायचा आणि चित्र ताणून दाखवायचा, म्हणून बघताना सगळं बरोबर दिसायचं. पण फितीतून एकच चित्र वेगळं काढलं, की खूण फितीतच राहते. चित्र दाबलेलं बाहेर येतं."

"किती दाबलेलं?"

"शंभराचे सत्तर."

"म्हणजे माझ्या बायकोचे तीस तुमच्याकडं राहिले."

"आणि यंत्राच्या लक्षात यायला हवं होतं," रुबिना स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पण ते तवा, चाक, घड्याळ सगळं आधीच टाकून देतं. उरतं फक्त माणूस. त्याला जुळवायला फोटो दिले आपण आजारातले. दाबलेली मामी आणि आजारी मामी बरोबर जुळल्या. यंत्राला एकदम खात्री पटली."

तिने ताणखूण लावली. चित्र दोन्ही बाजूंना सरकलं. भाकरी गोल झाली, तवा गोल झाला आणि तव्यामागे शालन आपल्या पुऱ्या रुंदीने बसली.

पोपटरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आता हलवू नकोस ते," म्हणाले. "राहू दे जरा वेळ."

दुरुस्तीला मुख्य कार्यालयाची परवानगी लागत होती. रुबिनाने तिथले जोगळेकर यांना पडद्यावर बोलावलं. मऊ आवाजाचे, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आम्हाला कल्पना आहे," ते म्हणाले. "त्या काळातल्या टेपांचं असं होतं. सुरुवातीला आम्ही रुंदी सरळ करून छाया दिल्या. घरचे लोक रागावले. आमचं माणूस एवढं जाड नव्हतं, म्हणाले. मग आम्ही ठरवलं, शंका असेल तिथे चित्र आहे तसं ठेवायचं. तेव्हापासून एकही तक्रार नाही."

"ही घ्या पहिली," पोपटराव म्हणाले.

"बारंगुळेसाहेब, तुमच्या मुलीने पसंती दिली आहे."

"नवरा मी हाय."

"शिवाय तुमच्या पत्नीची स्वतःची इच्छा नोंदलेली आहे. छायेच्या रूपाविषयी मृत व्यक्ती स्वतः काही बोलली असेल, तर ते सगळ्यात आधी धरावं लागतं. त्याला आम्ही मृतवचन म्हणतो. घरच्यांच्या मतापेक्षा ते वरचं. ऐका."

त्यांनी फितीतला आवाज लावला. खानावळीत वर्षभर न ऐकू आलेला आवाज केंद्रात घुमला: "ए रशीदभाऊ, जरा बारीक दाखव की रे मला!"

पोपटरावांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"पुढचं लावा."

"वाक्य एवढंच आहे."

"पुढं ती हसली असणार. हसल्याशिवाय असलं बोलायचीच न्हाई ती. लाव रुबिना."

रुबिनाने मूळ फीत लावली. वाक्य संपताच शालन खदखदा हसली. सगळा मंडप हसला. मग ती म्हणाली, "न्हाई तर राहू दे, मावत नसंल तर तूच मागं सरक."

"ऐकलं?" पोपटराव म्हणाले. "तूच मागं सरक, म्हणाली. तुम्ही सरकला न्हाई. तिलाच दाबली."

जोगळेकरांनी मान डोलावली. "मला समजतंय," ते म्हणाले. "पण हसण्याचा अर्थ लावायला लागलो तर प्रत्येक घरातून वेगळा अर्थ येईल. शब्द तेवढे धरायचे, असा नियम आहे."

"मग तुमची छाया तुमच्याकडं ठेवा."

नवमीच्या आदल्या दिवशी तेजू आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने विषय काढला.

"आण्णा, आईला स्वतःच्या अंगाची लाज वाटायची. तुम्हाला नाही बोलली कधी. मला बोलायची. माझ्या लग्नात व्याह्यांकडच्या बायका शेजारी उभ्या होत्या म्हणून ती फोटोला आलीच नाही. आता एकदा तरी तिला हवी तशी दिसू दे की. तुम्हाला हवी तशीच का?"

लग्नातली गोष्ट पोपटरावांना माहीत नव्हती. त्यांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे केला.

"बोलली असंल," ते म्हणाले. "तुझ्यापाशी ती खोटं बोलायची नाही. पण बारीक झाली तेव्हा मी तिच्यापाशी होतो, तेजे. आरसा काढून ठेवायला लावला तिनं मला. ही मी न्हाई, म्हणाली. हेबी तिचंच म्हणणं हाय. तुझ्या मशिनीनं ते कुठं नोंदवलंय?"

त्यांनी टेबलावरच्या कागदी पाकिटातून फोटो काढला. रुबिनाने ताणखूण लावून वेगळं केलेलं स्थिर चित्र अब्बांच्या जुन्या छपाईयंत्रावर छापून दिलं होतं. मागचं काहीही टाकलेलं नव्हतं.

तेजूने फोटो हातात घेतला. आधी आईकडे पाहिलं. मग तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. शालनच्या डाव्या दंडामागून लाल रिबिनीचं एक टोक बाहेर आलेलं दिसत होतं.

"आण्णा, ही रिबीन..."

"तूच ती. कॅमेरा आला की आईच्या मागं लपायचीस."

छायेत ही रिबीन नव्हती. यंत्राने ती डाग समजून पुसली होती. तेजूने रिबिनीवर अंगठा ठेवला आणि ती बाकावर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज चिडका होता.

"आख्खी मावत होते मी हिच्यामागं. आख्खी! आणि मी त्या काडीला पसंत म्हणून कळवलं."

तिने तिथूनच जोगळेकरांना फोन लावला आणि पसंती मागे घेतली. मृतवचन वरचं आहे, हे उत्तर तिलाही मिळालं. "ठीक आहे," ती म्हणाली. "आईला जे सांगायचंय ते ती मला सांगेल. तुमच्या मशीनला सांगायला तुम्ही तिचे कोण लागता?"

नवमीला चुलीवरच्या भिंतीवर कागदाचा फोटो लागला. सवाष्ण म्हणून शालनची जुनी मैत्रीण वत्सला आली होती. उंबऱ्यातच ती थबकली.

"आली बाई माझी!" ती म्हणाली. "पोपटराव, माझं पान जरा अलीकडं मांडा. ती बसली की पलीकडं जागा उरायची न्हाई."

तेजूने वत्सलाबाईंची ओटी भरली. पुरणपोळी वाढताना ती आईसारखीच दमदाटी करत होती. वर्षभरात पहिल्यांदा खानावळीत कुणीतरी मोठ्याने हसलं.

चार दिवसांनी सहवासचा निरोप आला. खानावळ ही सार्वजनिक जागा. तिथे मृतवचनाविरुद्ध असलेली प्रतिमा लावता येत नाही. ती उतरवावी, नाहीतर कार्यालयाचा माणूस येऊन उतरवेल.

पोपटरावांनी लगेच फोन केला. "पाठवा माणूस," ते म्हणाले. "उपाशी पाठवा. त्या फोटोखाली बसून जेवू दे आधी. मग त्याचा हात वर जात असंल तर उतरवू दे."

माणूस अजून आलेला नव्हता. त्याआधी गावातलेच लोक येऊ लागले. फोटो बघत, पाणी पीत, मग हळूच विचारत, की आमच्याही घरच्या शूटिंगचं असंच झालं असेल का? काहीजण जुन्या टेपा घेऊन रुबिनाकडे गेले. काहीजणांनी घरी जाऊन छायेकडे एकदा नीट पाहिलं आणि तो विषय परत काढला नाही. कापडपेठेतले एक गृहस्थ पोपटरावांवर रागावले. "आमचं सगळं सुरळीत चाललं होतं," म्हणाले. "तुम्ही उगाच खोडी काढलीत."

"मी बायको मागितली," पोपटराव म्हणाले. "खोडी कुणी काढली, ते तुमचं तुम्ही बघा."

एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, रुबिना खानावळीत आली. तिने जेवण मागवलं नाही. फोटोखालच्या बाकावर बसून तिने पिशवीतून एक टेप काढली आणि टेबलावर ठेवली.

"कुणाची?" पोपटरावांनी विचारलं.

"अम्मीची. खालाच्या लग्नातली. अब्बांनीच काढलेली, त्याच कॅमेऱ्याने." ती टेपकडे बघत होती. "अम्मी गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला तिचं काही म्हणजे काही आठवत नाही. अब्बांना पसंत नव्हतं, तरी छायांचं काम सुरू झालं तेव्हा मी सगळ्यात आधी तिचीच आणली. तुम्ही पाहिलंय ना तिला?"

"पाहिलंय की. डबा न्यायला यायची इथं. कशी होती सांगू?"

"नको!" ती एकदम म्हणाली. "सांगू नका."

पोपटराव समोरचं बाकडं ओढून तिच्यापुढे बसले.

"भिऊ नकोस. माझ्या घरची रुंदी तूच काढून दिलीस. तुझ्या घरचीबी काढ. ताण ते चित्र."

"ताणीन, मामा. मी नाही ताणणार तर कोण?" तिने टेप हातात घेतली, पण पिशवीत ठेवली नाही. "पण आठ वर्षं रोज सकाळी मी तिला 'येते गं' म्हणून घराबाहेर पडते. रडायचं असलं तर तिच्याचपुढे रडते. उद्या या टेपमधून दुसरीच बाई निघाली, तर घरात जी उभी आहे तिला मी काय सांगू?"